पावसाने ओढ दिली? पहाटेचे पान पाहा

पावसाचा खंड पडला की दुपारी ज्वारी-मक्याची पाने सुरळी होतात आणि आपला जीव खालीवर होतो. लगेच पंपाकडे धावू नका. ऊन झेलणारे अंग कमी करायची ती पिकाचीच युक्ती आहे. दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी शेतात जा. पाने उलगडलेली दिसली तर मुळांना रात्री पुरेसे पाणी मिळाले आहे. पहाटेही मिटलेलीच असतील, तर मात्र थांबू नका.

माती सुकू लागली की झाडात ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते. त्याच्या इशाऱ्यावर पर्णरंध्रांच्या, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांच्या, कडेच्या रक्षक पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते, पेशी सैल पडतात आणि रंध्र मिटते. पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. म्हणजे वाढ खुंटते. पीक जगते ते उत्पादनातला वाटा देऊन. दुसरीकडे पेशी प्रोलिन हे अमिनो आम्ल आणि शर्करा साठवून उरलेली ओल धरून ठेवतात.

हे सारे एका जनुकाचे काम नाही, म्हणून ‘दुष्काळ सोसणारा वाण’ एवढ्यावर बियाणे घेऊ नका. तो कशाच्या जोरावर सोसतो ते विचारा. भातातले डीआरओ१ जनुक मुळांचा कोन बदलते. उथळ मुळांच्या आयआर६४ या भाताच्या वाणात ते आणल्यावर मुळे खोल गेली आणि पाण्याच्या ताणातही दाणा भरला, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. पण वीतभर मातीखाली खडक असेल तर खोल मुळे जाणार कुठे? तिथे ओल संपण्याआधी हाती येणारा, कमी दिवसांचा वाण बरा. खोल जमिनीत साठलेल्या ओलीवर ज्वारी घेणार असाल तर दाणे भरतानाही पाने हिरवी राखणारा वाण शोधा.

पीक लहान असताना वरचेवर हलके पाणी देऊ नका, मुळे वरच्या थरातच रेंगाळतात. संरक्षित पाणी, म्हणजे खंडात पीक तगवायला द्यायचे पाणी, एकच असेल तर ते फुलोऱ्यासाठी राखा. मक्यात तर ताणामुळे कणसाचे केस उशिरा येतात, तोवर तुऱ्यातले पराग झडून गेलेले असतात. नंतर कितीही पाणी दिले तरी कणीस भरत नाही.

खंड चालू असताना युरिया टाकू नका. कोळपणी करून भेगा बुजवा, काडीकचऱ्याचे आच्छादन करा. तणनाशकही आता नको: ताणातले तण ते नीट शोषत नाही.