नदीच्या बाजूच्या चरात गाळ भरतो तेव्हा

उल्हास नदीसारख्या पात्रातून बाजूला चर काढला, की वाळू आधी तोंडाशीच साचते. तळाजवळचं पाणी संथ असल्यामुळे ते चटकन वळतं आणि तळावरून सरकणारी वाळू सोबत घेऊन येतं. त्यामुळे पाण्याच्या हिश्शापेक्षा वाळूचा हिस्सा बहुधा जास्तच येतो.

म्हणून चराचं तोंड वळणाच्या बाहेरच्या काठावर ठेवा. आतल्या काठावर वाळूचा पट्टा आपोआप वाढतो. तिथे कितीही उपसा करा, चर पुन्हा बुजतो. तोंडाशी नदीच्या तळापेक्षा उंच दगडी उंबरा हवाच.

मोजणीत आळस नको. मे महिन्यात चरात दर २५ मीटरवर आडवा छेद घ्या, म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तळाचा आकार मोजा; दोन्ही काठांवर सिमेंटची पक्की खूण करा, दर मीटरला लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) तळाची उंची लिहा. ऑक्टोबरमध्ये त्याच खुणांवरून पुन्हा. एका छेदात ३ आणि पुढच्यात ५ चौरस मीटर भर पडली असेल, तर सरासरी ४ गुणिले २५, म्हणजे त्या टप्प्यात १०० घनमीटर गाळ.

मग चिमूटभर गाळ बोटांत चोळा. खरखरीत लागला तर वाळू, उपाय तोंडाशी. साबणासारखा बुळबुळीत असेल तर पाणी चरात फार संथ होतंय. चर अरुंद करा. मात्र कल्याणच्या खाली, खाडीच्या टापूत, हा चिखल भरतीबरोबर खालच्या टोकाकडूनही शिरतो. तिथे वरचा उंबरा निरुपयोगी.

उपसलेला गाळ काठावर टाकू नका. पहिल्या जोरदार सरीत तो परत चरात येतो.