लहान मुलांशी बोलताना या चुका टाळा

आमच्या इंदूरला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. नळ वाजला की अडीच वर्षांची नात धावत येते, "आजी, पाणी आला!" हिंदीत पाणी पुल्लिंगी, म्हणून तिनं 'आला' लावलं. किती हुशारीची चूक! पण तिचा बाबा लगेच म्हणाला, "आला नाही, आलं. म्हण बरं, आलं." पोरगी गप्प झाली आणि पाण्याची गोष्ट तिथंच राहिली.

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक हीच. मूल बातमी घेऊन येतं आणि आपण व्याकरण तपासतो. त्यापेक्षा आपल्या उत्तरातच बरोबर रूप येऊ द्यावं. "हो गं, पाणी आलं! केवढं जोरात आलं! चल, बादली लावूया." 'आलं' दोनदा कानावर पडलं, बोलणंही पुढे सरकलं. त्या दिवशी ती 'आला'च म्हणेल. म्हणू द्या. अशी रूपं ऐकून ऐकूनच बसतात.

दुसरी चूक आपल्याकडे घरोघरी दिसते. शाळेत अडायला नको म्हणून आईबाबा मुलाशी हिंदी-इंग्रजीच बोलतात आणि मराठी उरते आजी-आजोबांपुरती. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं, हा गैरसमज आहे. त्याचे शब्द मोजायचेच तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा. हिंदी शेजारून, गल्लीतून, दुकानातून येणारच आहे. तुम्हाला ज्या भाषेत लाड करता येतात, रागावता येतं, तीच घरात बोला.

पाहुणे आले की परीक्षा सुरू होते: "हा कुठला कलर? काकांना पोएम म्हणून दाखव." त्याऐवजी हातातलं काम बोलून दाखवा: "आता पोहे भिजवते. कांदा चिरला, बघ, डोळ्यांत पाणी आलं." काही विचारलंत तर मनात पाचपर्यंत मोजा. शब्द शोधायला मुलाला वेळ लागतो, तेवढ्यात आपणच उत्तर देऊन टाकतो.

मंमं, भूभू, भुर्र खुशाल म्हणा, त्या लाडिक सुराकडे बाळाचे कान लागतात. फक्त त्याचे बोबडे उच्चार उचलू नका. त्याची 'पोयी' गोड असली तरी आपण 'पोळी' म्हणावं.

जेवताना मोबाइलवर बडबडगीतं लावली म्हणजे भाषा कानावर पडते, असं वाटतं. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बालभाषेच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी 9 महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन, म्हणजे चिनी भाषा, ऐकवली. समोर बसून खेळत बोलणाऱ्या माणसाकडून बाळं त्या भाषेतले ध्वनी शिकली. तेच टीव्हीवर दाखवलं, नुसतं ऐकवलं, तेव्हा शिकली नाहीत. घास भरवताना निदान त्या घासाबद्दल तरी बोला.

आणि दोन वर्षं होऊनही मूल दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर "आमच्याकडे सगळे उशिराच बोलले" म्हणत थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि आधी कान तपासून घ्या.