बोको हराममधली फूट: नेता बदलल्याची बातमी कशी पारखावी

ईशान्य नायजेरियातल्या सशस्त्र जिहादी बंडखोरांना बोको हराम म्हणतात. ‘बोको हरामचा म्होरक्या ठार’ अशी बातमी आली की पहिला प्रश्न विचारायचा: कोणत्या गटाचा? 2016 पासून हे एका संघटनेचं नाव उरलेलं नाही. एक जेएएस, म्हणजे अबूबकर शेकाऊचा मूळ गट. दुसरा इस्वाप, म्हणजे इस्लामिक स्टेटचा पश्चिम आफ्रिका प्रांत. 2012 मध्ये बाहेर पडलेला अन्सारू हा तिसरा. ‘बोको हराम’ हे नाव तर बाहेरच्यांनी दिलेलं. बातमीत तेवढंच असेल तर मजकुरातलं ठिकाण बघा. शेकाऊ होता तोवर साम्बिसाचं जंगल त्याचं, आणि चाड सरोवराचा परिसर प्रामुख्याने इस्वापचा. 2021 मध्ये तो मेल्यानंतर हा आडाखा चालत नाही.

कामाला एक वही पुरते. चार रकाने आखा: घटना कधी घडली, जाहीर कधी झाली, कोणी जाहीर केली, आणि कोणत्या नावाने. चौथा रकाना बहुतेक जण सोडून देतात, आणि नेमकी फूट तिथेच आधी दिसते.

उदाहरण घ्या. मार्च 2015 मध्ये शेकाऊने इस्लामिक स्टेटला बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ, दिली. ऑगस्ट 2016 मध्ये इस्लामिक स्टेटच्या ‘अल-नबा’ या साप्ताहिकाने अबू मुसअब अल-बर्नावीची मुलाखत छापली आणि त्याला ‘वाली’, म्हणजे प्रांताचा प्रमुख, म्हटलं. शेकाऊला हटवल्याची वेगळी घोषणा नव्हती. एका पदनामात सगळं उरकलं होतं. शेकाऊने लगेच ध्वनिफीत काढून आपण अजून आहोत असं ठणकावलं आणि पुढे पुन्हा जेएएस हे जुनं नाव लावलं. म्हणून निवेदन हाती आलं की मजकुराआधी बोधचिन्ह, पदनाम आणि संघटनेचं नाव उतरवून घ्या.

नावांत फसायला होतं. ‘अल-बर्नावी’ हे आडनाव नव्हे. नायजेरियाच्या बोर्नो राज्यातला तो बर्नावी, आपल्याकडे ‘सातारकर’ म्हणावं तसं. 2019 मध्ये अबू मुसअबच्या जागी अबू अब्दुल्ला अल-बर्नावी आला, तो वेगळा माणूस. नातं लावायचंच तर पुरावा हवा. अबू मुसअब हा संस्थापक मोहम्मद युसूफचा मुलगा आहे, ही नोंद मात्र पक्की आहे आणि महत्त्वाचीही: 2009 मध्ये पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या संस्थापकाचा वारसा या नावासोबत येतो.

मृत्यूच्या दाव्याला सर्वांत कडक कसोटी लावा. शेकाऊ मेल्याचं 2009 पासून अनेकदा सांगितलं गेलं आणि दरवेळी तो चित्रफितीत पुन्हा दिसला. फक्त लष्कराचा दावा असेल तर वहीत ‘दावा’ एवढंच लिहा. विरोधी गटानेही सांगितलं तर ‘शक्य’. मृताच्या स्वतःच्या गटाने मान्य केलं की मगच ‘खरं’. मे 2021 मध्ये इस्वापने साम्बिसात शेकाऊला घेरलं आणि त्याने स्वतःला स्फोटाने उडवून घेतलं; जूनमध्ये आधी इस्वापकडून, मग त्याच्या माणसांकडून कबुली आली.

भांडण कशावरून, हे शोधताना ‘सत्तेसाठी’ लिहून मोकळं होऊ नका. इथे खरा वाद तक्फीरचा होता, म्हणजे कोणत्या मुसलमानाला काफिर ठरवायचं याचा. सरकारी अंमलाखाली राहतो तो काफिर, ही शेकाऊची भूमिका. त्यातून मशिदी आणि बाजारांत स्फोट झाले, त्यांत लहान मुलींनाही बॉम्ब बांधून पाठवलं गेलं. इस्वापला गावं हाताखाली ठेवून त्यांच्याकडून कर घ्यायचा होता. याचा अर्थ इस्वाप ‘मवाळ’ असा लावणं मोठी चूक. दापची शाळेतून 2018 मध्ये मुली पळवल्या त्या याच गटाने.

शेवटी वहीत पाचवा रकाना वाढवा: रहिवाशांचं काय झालं. शेकाऊनंतर सरोवरातल्या बेटांवर दोन्ही गट एकमेकांवर तुटून पडले आहेत. मासेमारीसाठी एका गटाला पैसे भरले की दुसरा गट त्याच मच्छीमाराला शत्रूचा माणूस ठरवतो. नेत्याचं नाव बदललं त्या आठवड्यात कोणत्या गावातून माणसं निघाली, कोणता बाजार बंद पडला, तेही तारखेनिशी लिहा.