दोन-चार जनावरं असतील तर संशोधनाचा फायदा कसा करून घ्यायचा

दोन गाई आणि चार शेळ्या असल्या की माणसाला वाटतं संशोधन वगैरे मोठ्या डेअरीवाल्यांसाठी, आपला काय संबंध. खरं तर मोठा माणूस पेंड विकत आणून भागवतो, आपल्याला आहे त्या वाळल्या चाऱ्यातूनच दूध काढायचं असतं आणि नेमकं त्यावरच शास्त्रज्ञांनी बरंच डोकं लावून ठेवलंय.

सुरुवात तिथूनच करा. भाताच्या पेंढ्यात किंवा गव्हाच्या काडात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के. गाईच्या पोटात चारा फोडायचं काम जंतू करतात, त्यांना नायट्रोजन मिळाला नाही की पोट भरलेलं दिसतं पण अंगाला काही लागत नाही. त्यावर उपाय युरिया प्रक्रियेचा. 100 किलो कोरड्या चाऱ्याला 4 किलो युरिया, 40-50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. चाऱ्याचा थर, त्यावर झारीने हे युरियाचं पाणी, पायाने दाबायचं, परत थर, शेवटी प्लास्टिकने घट्ट झाकून 3 आठवडे हात लावायचा नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा प्लास्टिकला एका कोपऱ्यात बोटभर भोक होतं ते दिसलंच नाही, उघडलं तर त्या बाजूचा हातभर चारा काळा बुरशी आलेला, तो सगळा फेकला. बाकीचा पिवळसर तपकिरी, मऊ, आणि अमोनियाचा वास असा की डोळ्यातून पाणी. हा वास आला म्हणजे काम झालं समजा, पण तासभर पसरून वारं लागू द्या मगच गव्हाणीत टाका. पहिले 8-10 दिवस थोडा थोडा नेहमीच्या चाऱ्यात मिसळून. सहा महिन्यांखालच्या वासरांना नाही, घोडा-गाढवाला अजिबात नाही, आणि युरियाच्या पाण्याची बादली जनावराच्या तोंडाजवळ चुकूनही ठेवू नका, ते पाणी प्यायलं तर जनावर जातं.

आता फरक पडला की नाही ते कसं कळणार? इथेच सगळे चुकतात. चारा, खुराक, जंतनाशक सगळं एकदम बदलतात आणि मग कशाने काय झालं कळतच नाही. एका वेळी एकच बदल. आधी आठवडाभर रोजचं दूध वहीत लिहा, मग बदल करा, मग परत दोन-तीन आठवडे लिहा. आणि शक्य असेल तर साधारण त्याच सुमारास व्यालेली दुसरी गाय जुन्याच चाऱ्यावर ठेवा, कारण वेतात पुढे गेलं की दूध आपोआप उतरतंच, दोष मात्र चाऱ्याला लागतो.

माजाचं, म्हणजे गाय फळायला तयार झाल्याचं, तर सोपंय, सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

लसीचं मात्र नीट वाचा. बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा रोग 2011 मध्ये जगातून संपला. वॉल्टर प्लॉराइट या शास्त्रज्ञाने केनियात त्यावरची लस तयार केली होती पण ती थंडच ठेवावी लागायची, पुढे फ्रीजशिवायही महिनाभर टिकणारी लस आली तेव्हा ती उन्हातान्हात फिरणाऱ्या गुराख्यांच्या कळपांपर्यंत पोचली. कोंबड्यांच्या मानमोडी म्हणजे राणीखेत रोगावरची आय-2 नावाची लसही अशीच, उष्णता सोसणारी, डोळ्यात थेंब टाकून देता येते. पण सगळ्याच लसी अशा नसतात, म्हणून लस टोचून घेताना ती बर्फात आणलीय का, बाटली कधी फोडली हे विचारायला लाजू नका. गरम झालेली लस टोचली तरी जनावर दिसायला तसंच दिसतं, रोग आला की मग कळतं.

आणि संशोधन केंद्रात किंवा डॉक्टरकडे जाताना ती वही बरोबर न्या. "गाय दूध कमी देते" असं सांगितलं तर तेही अंदाजच बांधणार, "व्याल्यापासून 70 दिवस झालेत, 9 लिटरवरून 6 वर आली, चारा बदलला त्याच्या चौथ्या दिवसापासून" असं सांगितलं की समोरचा खुर्ची पुढे ओढतो.