मनात चालणारी भांडणं कशी आवरावीत

सकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर फेरी मारायला जातो. टॉवरपासून चालायला लागलो की डोक्यात चुलतभाऊ हजर. भावकीतला बांधाचा वाद. तो काय म्हणेल, मी काय सुनावीन, पंच कुणाची बाजू घेतील... फेरी संपेस्तोवर खटला मी जिंकलेला असायचा आणि घरी येऊन बायकोवर खेकसायचो. तळं बघितलेलंच नसायचं.

वाईट विचार मनात आला म्हणजेच पाप झालं, असं धरून पुष्कळ विश्वासणारे खचतात. अरण्यात मोह प्रभू येशूपुढेही आला होता. दारात आलेला पाहुणा वेगळा आणि आपण चहा पाजून बसवून घेतलेला वेगळा. शिस्त लावायची ती या बसवून घेण्याला.

आधी आठवडाभर खिशात छोटी वही ठेवा. विचार लिहू नका, फक्त वेळ आणि जागा लिहा. माझ्या वहीत तीनच जागा निघाल्या: रंकाळा, आंघोळ आणि दिवा मालवल्यानंतरची पंधरा मिनिटं. शत्रू कुठून येतो ते कळलं की निम्मं काम होतं.

मग दारातच अडवा. प्रत्येक विचार कैद करून ख्रिस्ताच्या आज्ञेत आणायला बायबलमध्ये प्रेषित पौल सांगतो (२ करिंथ १०:५). चाळणीही त्यानेच दिली आहे, तीही बेड्यांत असताना: फिलिप्पै ४:८, म्हणजे कशाकशाचा विचार करावा याची यादी. त्यातलं पहिलंच म्हणजे ‘सत्य’. माझी गाडी तिथंच अडली. चुलतभावाच्या तोंडी मी घातलेली वाक्यं तो कधी बोललाच नव्हता!

जागा रिकामी मात्र ठेवू नका. झाडून ठेवलेल्या रिकाम्या घरात सात आत्मे घेऊन परतणारा दुष्ट आत्मा आठवा (मत्तय १२). स्तोत्र २३ सहाच ओव्यांचं आहे. रोज एक ओवी कागदावर हाताने उतरवा आणि चालताना म्हणा. मोबाइलवर वाचू नका, मध्येच कुणाचा तरी मेसेज येतो.

यानंतर त्याच माणसासाठी नाव घेऊन प्रार्थना. हे सगळ्यात अवघड. पहिले काही दिवस मी ‘प्रभू, त्याला सुबुद्धी दे’ असं म्हणत होतो. म्हणजे भांडण तेच, फक्त देवापुढे. आता त्याच्या उसासाठी आणि पोरीच्या परीक्षेसाठी मागतो.

रविवारच्या उपासनेनंतर पाळकांशी किंवा एखाद्या भरवशाच्या मित्राशी बोला. झोपच उडाली, तोच नकोसा विचार दिवसभर पिच्छा सोडेना किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर लगेच मानसोपचारतज्ज्ञ गाठा. त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

बांध अजून तिथंच आहे. चुलतभाऊही येतोच, पण पूर्वी टॉवरपाशी गाठायचा, आता शालिनी पॅलेसपर्यंत तरी उशीर करतो.