चाळिशीनंतर म्युझिक कॉलेज: बडोद्यात प्रवेशाची तयारी कशी करावी

मुलं मोठी झाली, कर्ज फिटत आलं, की अर्धवट सुटलेलं गाणं पुन्हा डोकं वर काढतं. बडोद्यात त्याची सोयही आहे. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्ष यांच्या हाती सोपवलेली गायनशाळा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फॅकल्टी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स आहे. सुरसागरासमोरची ही इमारत आपल्या लोकांत म्युझिक कॉलेज म्हणूनच ओळखली जाते.

आधी दिवसातला मोकळा वेळ मोजा. पदवीला गाण्याबरोबर संगीतशास्त्र, इतर विषय आणि हजेरी असते. नोकरी चालू असेल तर पदवीच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डिप्लोमाचे वर्ग किती वाजता भरतात ते जाऊन विचारा. तेही जमणार नसेल, तर गुरूंकडे शिकत अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्या. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतची ती वाट आहे. त्यातल्या विशारद परीक्षेच्या जोरावर पुढे विद्यापीठात एम.ए. करायचा विचार असेल, तर त्या विद्यापीठाला ते चालतं का, हे लेखी विचारून घ्या. वयाची अट ज्या कोर्सला जायचंय त्याच्याच माहितीपत्रकात बघा. ओळखीतल्या कुणाला कधीकाळी प्रवेश मिळाला होता, त्यावर विसंबू नका.

मग कागद. गाडी अडते ती बहुतेक इथेच. दहावी-बारावीच्या मार्कशीट, एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) आणि मध्ये गेलेल्या वर्षांसाठी गॅपचं अॅफिडेव्हिट जमवा. शिक्षण महाराष्ट्रात झालं असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल. जुन्या बोर्डाकडून ते यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज दिवाळीनंतर लगेच टाका. बायकांचं आणखी एक दुखणं: मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला आधीच काढून ठेवा. गुजरातमधल्या सरकारी विद्यापीठांचे पदवी प्रवेश २०२४ पासून जीकॅस या सामायिक ऑनलाइन पोर्टलवरून होतात, तेव्हा फॉर्म भरताना स्वतःचाच मोबाइल नंबर द्या. मुलाचा दिला तर ओटीपी त्याच्या हॉस्टेलवर जाईल.

आता प्रवेशाची गायन-चाचणी. पहिलं काम, आपली पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या स्वराला सा धरायचा ते, नव्याने ठरवणं. विशीत काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत) गाणाऱ्या बाईला आज काळी तीन किंवा त्याखालीही सोपं पडेल. त्यात कमीपणा नाही. सकाळी गळा तापल्यावर खर्ज (खालचे सूर) नीट लागतो का आणि वरचा पंचम न ओढता येतो का, हे दोन्ही बघूनच पट्टी पक्की करा. तंबोरा माळ्यावर असेल तर खाली काढून तारा बदला. तोवर मोबाइलमधला चालेल.

राग एकच घ्या, पण पुरा. यमन निवडलात तर आरोह-अवरोह, पकड, थोडी आलापी, त्रितालातली बंदिश आणि समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) नीट येणाऱ्या चार-सहा ताना. ऐकणाऱ्याला तुमचा सा कसा लागतो हे पहिल्या मिनिटातच कळतं. तानांची आतषबाजी त्यावर पांघरूण घालू शकत नाही. हातावर ठेका धरून बोलण्याचा सरावही करा: त्रितालाच्या सोळा मात्रांत टाळी १, ५ आणि १३ वर, खाली (टाळी न देता हात मोकळा सोडायची मात्रा) ९ वर. झपतालाच्या दहा मात्रांत टाळी १, ३, ८ आणि खाली ६ वर. बरीच वर्षं नुसतं भावगीत गायलेली माणसं नेमकी इथे गडबडतात.

चाचणीत "आत्ता का शिकायचंय?" असं विचारलं तर जीवनकहाणी लावू नका. कुणाकडे किती शिकलात, रियाज केव्हा करता आणि वर्गाला रोज यायला जमेल का, एवढं सांगा. साथीला तबलजी कॉलेज देणार की आपला न्यायचा, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. आणि गायला बसताच तबलजींना ताल आणि लय सांगून टाका.