रबर प्लांटची पानं पिवळी पडतायत? आधी पाण्याचा मग खाली ठेवा

रबर प्लांटचं एक पान पिवळं पडलं की आपण पहिल्यांदा काय करतो, तर पाणी घालतो. दुसरं पडलं की अजून थोडं घालतो, वर चमचाभर खतही टाकतो, आणि आठवड्याभरात खालची चार पानं टपाटप गळाली की म्हणतो माझ्या हाताला गुणच नाही. मी पण हेच केलंय, एक चांगलं कमरेएवढं झाड असंच लाडाने मारलंय, म्हणून सांगतेय.

तर आधी काहीही न करता नुसतं बघा, की कुठलं पान बिघडलंय. बुडाजवळचं जुनं, शेंड्याचं नवं, का फक्त खिडकीकडच्या बाजूचं? बरंचसं उत्तर तिथेच मिळतं. सहा महिन्यांतून एखादं सगळ्यात खालचं पान पिवळं होऊन गळलं तर ते म्हातारं झालं होतं, सोडून द्या. पण पाठोपाठ दोन-तीन गेली तर मातीत बोट घाला, दोन पेरं आत, वरवर नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर बोटावरही विश्वास ठेवू नका कारण ते वरून खडखडीत वाळलेलं दिसतं आणि खाली चिखल असतो, त्यापेक्षा एक लाकडी काडी तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा, ओली निघाली की पाणी बंद.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथे. पानं मलूल होऊन खाली लोंबायला लागली की तहान लागली असं वाटतं, पण जास्त पाण्याने सुद्धा पानं अशीच लोंबतात. कारण माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढूच शकत नाहीत, म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानलेलं. फरक असा ओळखायचा: कुंडी उचलून बघा, हलकी लागली, माती कडेने सुटलेली असली, पानं आत वळलेली आणि कडा कुरकुरीत असल्या तर खरंच तहान आहे, तेव्हा तळाच्या भोकातून पाणी येईपर्यंत सावकाश भरपूर घाला. कुंडी जड, खालची पानं पिवळी, त्यावर मऊसर काळपट डाग आणि कधीकधी मातीला कुबट वासही असेल तर जास्त पाणी झालंय.

जास्त पाणी झालं असेल आणि वास नसेल तर नुसतं थांबा, उजेडात ठेवा आणि शोभेच्या बाहेरच्या कुंडीत पाणी साठलंय का बघा (माझ्या झाडाचा जीव त्यानेच घेतला, बाहेरून छान सिरॅमिक, आत डबकं). वास येत असेल तर झाड कुंडीतून बाहेर काढून मुळं बघावीच लागतील. चांगली मुळं फिकट आणि टणक असतात, कुजलेली तपकिरी, दाबली की साल सुटून हातात येते. तेवढी स्वच्छ कात्रीने कापून टाका, नव्या भुसभुशीत मातीत लावा ज्यात परलाइट (पांढरे हलके खडे) किंवा जाडसर वाळू असेल, आणि कुंडी मोठी घेऊ नका, मुळं कमी झालीयत तर मोठ्या कुंडीतली माती आठवडेच्या आठवडे वाळणार नाही आणि परत तेच. खत तर अजिबात नको, नवं पान येईपर्यंत तरी.

खिडकीकडच्याच पानांवर फिकट, कागदासारखे वाळलेले चट्टे असतील तर ते ऊन लागल्याचं. तो डाग भरून येत नाही, पान तसंच राहील, झाड फक्त थोडं मागे सरकवा किंवा पातळ पडदा लावा. उलट, पानांमधलं अंतर वाढलंय, नवी पानं छोटी येतायत, झाड एका बाजूला वाकतंय, तर उजेड कमी पडतोय. मग उत्साहाने एकदम उन्हात नेऊन ठेवू नका, दोन आठवडे घेऊन हळूहळू सरकवा. एसीचा झोत थेट येत असेल तर हिरवीगार पानं सुद्धा गळतात, आणि नुकतंच घरी आणलेलं झाडही जागा बदलल्यामुळे एक-दोन पानं टाकतं, त्याला इलाज करत बसू नका.

कीड बघायची तर पान उलटं करा. बारीक फिकट ठिपके आणि देठाशी कोळ्याचं जाळं म्हणजे लाल कोळी, कोरड्या हवेत हमखास येतो. शिरांवर तपकिरी फुगीर खपल्या आणि खाली चिकटपणा म्हणजे खवले कीड, पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. आधी झाड बाकीच्यांपासून लांब न्या, मग ओल्या फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसा, खवले आणि पिठ्याला स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस लावून एकेक काढा. नंतर 1 लिटर पाण्यात 5 मिली नीम ऑइल आणि लिक्विड सोपचे दोन-चार थेंब, संध्याकाळी फवारायचं, आधी एकाच पानावर लावून दोन दिवस बघा. आठवड्याने परत, असं तीन-चार वेळा, कारण अंड्यांतून नवी पिल्लं निघत राहतात आणि एकाच फवारणीत काम झालं असं वाटून सगळे तिथेच फसतात.

पानाच्या मागे बारीक लालसर ठिपके आहेत, हलत नाहीत, खरवडून निघत नाहीत, तर बहुतेक कीड नाही, मुळांनी पानाच्या ऐपतीपेक्षा जास्त पाणी ओढल्याने आतल्या पेशी फुटतात त्याच्या त्या खुणा. पाणी नियमित करा, उजेड वाढवा, औषध नको.

बुंधा खालून उघडा पडला असेल तर तिथे पानं आपणहून फारशी येत नाहीत. शेंडा एका पेराच्या (पान जिथे खोडाला जोडलेलं असतं त्या सांध्याच्या) जरा वर छाटा, खालून सहसा एक-दोन फुटवे येतात आणि छाटलेला तुकडा पाण्यात ठेवला तर त्यालाही मुळं फुटतात. नुसतं पान लावाल तर त्याला मुळं येतील पण झाड कधीच होणार नाही, पेर हवंच. छाटताना पांढरा चीक येतो, हातमोजे घाला, त्वचेला खाज येते आणि पोटात गेला तर मांजर-कुत्र्याला त्रास होतो.

आणि हो, शेंड्याला जे लाल टोकदार टोपण दिसतं तो रोग नाही! आत नवं पान गुंडाळलेलं असतं. पान उलगडलं की ते आपोआप वाळून पडतं, ओढून काढलंत तर आतलं पान फाटून येईल.